कोयरीचे टोक कुणीकडे? घरात आणि पेहरावात कोयरीची नक्षी कशी योजावी

पाश्चात्त्य बाजारात जिला ‘पेझली’ म्हणतात, ती नक्षी मराठी घरात कोयरी या नावाने पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. हळदीकुंकवाच्या करंड्याला तर तिच्या आकारावरून कोयरी हेच नाव पडले. पैठणीच्या पदरावर, मेंदीत आणि रांगोळीतही ती असतेच. इतकी ओळखीची असल्यामुळेच कापड घेताना आपण तिच्याकडे नीट पाहत नाही, आणि मग शिवून आलेला पडदा किंवा ब्लाउज कुठेतरी खटकत राहतो. माझ्या अनुभवात या खटकण्याचे कारण बहुतेक वेळा रंग नसतो, तर कोयरीची दिशा असते. गोल फुलाची बुट्टी कशीही फिरवली तरी फूलच दिसते, पण कोयरीला बूड आहे आणि कललेले टोक आहे. ती आडवी पडली किंवा उलटी टांगली गेली की नजरेला लगेच जाणवते.

हे टोक आले कुठून, ते समजून घेतले की पुढची निवड सोपी होते. सतराव्या शतकातील काश्मिरी शालींच्या पदरावर फुलांनी डवरलेले एकेक नाजूक रोप विणलेले असे. अठराव्या शतकात त्या रोपाची पाने-फुले दाटत गेली, भोवतीची रेषा बंदिस्त झाली आणि शेंडा एका बाजूला झुकला. एकोणिसाव्या शतकात त्याचीच लांबलचक, वळणदार कोयरी झाली. या शालींना युरोपात इतकी मागणी आली की स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या पेझली गावातील विणकर त्यांच्या नकला विणू लागले आणि त्या गावाचे नाव नक्षीला चिकटले. 1870 नंतर शाल पांघरण्याची तिथली फॅशन ओसरली, तरी नक्षी टिकली आणि 1960 च्या दशकात तरुणांच्या सदऱ्यांवर पुन्हा झळकली. तमिळमध्ये तिला आंब्याचे नाव आहे, पंजाबीत ती अंबी आहे आणि बंगालीत कलका. तिचे मूळ उगवत्या रोपात आहे, म्हणून पडद्यावर किंवा भिंतीवर टांगायच्या कापडावर बूड खाली आणि टोक वर ठेवले की ती स्वाभाविक दिसते.

दुकानात कापड पूर्ण उलगडून किमान दोन हात अंतरावरून पाहावे आणि सगळ्या कोयऱ्या एकाच दिशेला आहेत की काही वर, काही खाली अशा विखुरल्या आहेत, ते आधी ठरवावे. विखुरलेली नक्षी उशांचे अभ्रे, पिशव्या, मुलांचे कपडे यांसाठी सोयीची असते, कारण ती कशीही कापली तरी चालते. एकाच दिशेच्या नक्षीला मात्र कापड जास्त लागते. पडद्याचा हिशोब असा करावा: एका कोयरीच्या बुडापासून तिच्या वरच्या तशाच कोयरीच्या बुडापर्यंतचे अंतर मोजावे. ते 32 सेंटिमीटर भरले आणि दुमडीसकट पडद्याची उंची 235 सेंटिमीटर हवी असेल, तर प्रत्येक पटासाठी 32 ची आठ आवर्तने, म्हणजे 256 सेंटिमीटर कापड घ्यावे. वरचे 21 सेंटिमीटर वाया गेल्यासारखे वाटतील, पण तेवढे न घेतल्यास शेजारच्या दोन पटांतील कोयऱ्या एका रेषेत येत नाहीत आणि पडदा लावल्यावर ती चूक रोज समोर दिसते.

आकाराचा विचारही जागेनुसार करावा. वीतभर लांबीची कोयरी पलंगाच्या चादरीवर किंवा बैठकीवर शोभते, कारण तिथे ती अखंड दिसते. तीच ब्लाउजच्या बाहीवर शिवणीत अर्धी जाते. ब्लाउज, पोलके, मुलाचा झब्बा यांसाठी बोटाच्या पेराएवढी बुट्टी घ्यावी. मोठी कोयरी फारच आवडली असेल, तर ती पाठीच्या मधोमध एकच बसवावी किंवा दोन कोयऱ्या टोके एकमेकींकडे करून समोरासमोर ठेवाव्यात. शिंप्याकडे कापड नुसते टाकून येऊ नये. कोणती कोयरी कुठे यायला हवी, तिथे टाचणी लावून दाखवावे, म्हणजे कापण्याआधीच बोलणे होते. एका खोलीत कोयरीचे दोन प्रकार ठेवायचे असल्यास एक ठळक आणि दुसरा अगदी बारीक असावा. सोबतीला पट्टे, चौकडा किंवा साधे खादीचे पोत चांगले जमते. तेवढ्याच आकाराच्या फुलांची छपाई शेजारी आली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात.

अस्सलपणा पाहायचा असेल तर कापड उलटे करावे. हातमागावरच्या पैठणीत कोयरीची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच विणला जातो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुट्या धाग्यांची जाळी दिसते. काश्मीरची कानी शाल आणि पेझलीची यंत्रावरची शाल यांच्यातही असाच फरक होता. ठशाच्या छपाईत जिथे एक ठोकळा संपून दुसरा लागतो, तिथे रेषेत केसभर फरक सापडतो. तो दोष मानू नये, ती हाताची खूण आहे.

जुन्या साडीचे अभ्रे करायचे असल्यास घाई करू नये, हे मी अनुभवाने सांगते. आईच्या जांभळ्या साडीचा पदर मी सरळ मापाने चार चौकोनांत कापला आणि त्यातल्या दोन उशांवर कोयऱ्या मधोमध चिरल्या गेल्या. एकीवर नुसते टोक, दुसरीवर नुसते बूड. आता मी आधी पुठ्ठ्याला हव्या त्या मापाची चौकट कापते, ती साडीवर सरकवत कोयरी मधोमध आली की खडूने खूण करते आणि चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर माया सोडूनच कात्री लावते. जीर्ण रेशमाला मागून मऊ सुती अस्तर जोडावे, नाहीतर शिवणीपाशी ते उसवते. नव्या गडद छपाईच्या कापडावर आधी ओला पांढरा फडका घासून पाहावा. रंग उतरला तर पहिल्या काही धुण्यांना ते कापड वेगळेच, थंड पाण्यात धुवावे आणि उलट्या बाजूने सावलीत वाळवावे.