अकरावीचं बीजगणित: या चुका टाळा

दहावीच्या बीजगणितात सहा प्रकरणं असतात. त्यातली अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही तीन तर बऱ्यापैकी आकडेमोडीचीच. अकरावी सायन्सला आलात की पुस्तकाच्या भाग १ मध्ये मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्या) आणि डिटरमिनंट (अशा चौरस मांडणीतून निघणारी एक किंमत) येतात. भाग २ मध्ये कॉम्प्लेक्स नंबर, सिक्वेन्स-सिरीज, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, इंडक्शन, बायनॉमियल, सेट्स आणि फंक्शन ओळीने उभे असतात, आणि तेही इंग्रजीतून. दहावीला नव्वदच्या घरात गुण घेतलेली मुलं पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी आठ-नऊवर येतात आणि घरी सांगतात, ‘पोर्शन अवघड आहे.’ पेपर उघडून पाहिला तर गुण गेलेले असतात ते आठवी-नववीच्या क्रियांमध्ये. नवा भाग बहुतेकांना जमलेला असतो.

याचं कारण एकच. बीजगणितातली जवळजवळ प्रत्येक क्रिया अटीवर चालते. भागायचं तर भाजक शून्य नको, वास्तव संख्यांत वर्गमूळ काढायचं तर आतली संख्या ऋण नको, लॉग घ्यायचा तर आतली संख्या धनच हवी. दहावीपर्यंतची उदाहरणं अशी बेतलेली असतात की अट न पाहताही उत्तर बरोबर येतं. अकरावीत येत नाही.

काटाकाटी

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून जरा थांबून पाहू. (क्ष² − ९) / (क्ष − ३) याला सोपं रूप द्यायचं आहे. घाईत विद्यार्थी वरचा क्ष² आणि खालचा क्ष काटतो, क्ष उरतो. मग −९ ला −३ ने भागतो, +३ मिळतात. उत्तर क्ष + ३, आणि ते बरोबर आहे! पद्धत साफ चूक, उत्तर बरोबर, तपासणाऱ्याची खूण बरोबर. ही सवय अशीच पक्की होते.

आता तीच पद्धत (क्ष² + ९) / (क्ष + ३) ला लावा. पुन्हा क्ष + ३ मिळेल. क्ष = १ ठेवून पडताळा: मूळ राशी १० / ४ म्हणजे २.५, आणि आपलं उत्तर ४. या राशीत काटण्यासारखं काहीच नव्हतं. काटता येतो तो फक्त अवयव, म्हणजे संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला गुणलेली गोष्ट. अधिक-उणे चिन्हांनी जोडलेलं पद काटता येत नाही. म्हणून आधी अवयव पाडा: (क्ष − ३)(क्ष + ३) / (क्ष − ३). मग काटा, आणि शेजारी लिहा: क्ष ≠ ३. ही शेजारची नोंद आज फालतू वाटेल. फंक्शनचा डोमेन (क्ष ला चालणाऱ्या किमती) आणि पुढे लिमिट सुरू झालं की अख्खा प्रश्न तिच्यावरच उभा असतो.

चलाने भागणं

क्ष² = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं, क्ष = ५, संपलं. इथे क्ष = ० हे दुसरं उत्तर हरवलं. क्ष ने भागताना आपण नकळत ‘क्ष शून्य नाही’ असं गृहीत धरलं आणि नेमकं तेच एक उत्तर होतं. सगळं एका बाजूला घ्या: क्ष² − ५क्ष = ०, म्हणजे क्ष(क्ष − ५) = ०. बारावीला त्रिकोणमितीय समीकरणांत हीच चूक दोन्ही बाजूंचा कॉस काटताना होते आणि उत्तरांचा एक अख्खा गट गायब होतो.

वर्ग केल्यावर आलेला पाहुणा

भागल्याने उत्तर हरवतं, तर वर्ग केल्याने जास्तीचं येतं. √(क्ष + ७) = क्ष + १ सोडवा. वर्ग करून क्ष² + क्ष − ६ = ०, म्हणजे क्ष = २ किंवा क्ष = −३. दोन्ही लिहून चौकट मारणारे निम्मे गुण घालवतात. क्ष = २ ठेवा: √९ = ३, उजवीकडेही ३. क्ष = −३ ठेवा: डावीकडे √४ = २, उजवीकडे −२. हे उत्तर बाद.

असं का होतं? वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं. २ आणि −२ या वेगळ्या संख्या, पण दोघांचा वर्ग ४. त्यामुळे वर्ग केलेल्या समीकरणात मूळ समीकरणाची उत्तरं असतातच, शिवाय उजव्या बाजूचं चिन्ह उलटं असतं तर जी आली असती तीही येतात. म्हणून कुठल्याही उदाहरणात वर्ग केला की उत्तरं मूळ समीकरणात ठेवून पाहणं ही उदाहरणाचीच पायरी समजा.

याच्याच जोडीला एक जुना गोंधळ. √९ म्हणजे फक्त ३. क्ष² = ९ या समीकरणाची उत्तरं मात्र ३ आणि −३. अधिक-उणे हे चिन्ह समीकरण सोडवताना येतं, √ या खुणेत ते नसतं. आणि √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे, क्ष चा मॉड्युलस, म्हणजे ऋण चिन्ह काढून उरणारी किंमत.

ऋण संख्येचं वर्गमूळ

दहावीत विवेचक ऋण आला की ‘मुळं वास्तव नाहीत’ लिहून सुटका होते. अकरावीत कॉम्प्लेक्स नंबरचं प्रकरण तिथूनच सुरू होतं. √(−४) × √(−९) चं उत्तर √३६ = ६ असं लिहिलं जातं. बरोबर उत्तर −६ आहे. √अ × √ब = √(अब) हा नियम अ आणि ब दोन्ही ऋण असताना चालत नाही. आधी प्रत्येकातला आय (म्हणजे √(−१)) बाहेर काढा: २आय × ३आय = ६आय², आणि आय² = −१. ऋण संख्या मुळाखाली दिसली की पहिलं काम हेच, गुणाकार नंतर. आयचे मोठे घात आले तर घाताला ४ ने भागून बाकी पाहा. ४७ ला बाकी ३ उरते, म्हणून आयचा ४७ वा घात म्हणजे आयचा तिसरा घात, −आय.

असमानता

ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह फिरतं, हे पाठ असतं. चूक होते ती संख्या धन की ऋण हे माहीतच नसताना. ४ / क्ष < २ मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने गुणून ४ < २क्ष, म्हणून क्ष > २, असं लिहितात. पण क्ष = −१ ठेवा: −४ हे २ पेक्षा लहानच आहे. म्हणजे सगळ्या ऋण संख्या उत्तरात हव्या होत्या. चलाने गुणू नका. सगळं एका बाजूला घ्या: (४ − २क्ष) / क्ष < ०. मग संख्यारेषेवर ० आणि २ हे बिंदू मांडून तिन्ही भागांतलं चिन्ह तपासा. उत्तर: क्ष < ० किंवा क्ष > २.

फंक्शन

फंक्शन म्हणजे क्ष ची किंमत भरली की एक उत्तर देणारा नियम. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर फ(क्ष + २) किती? काही जण फ(क्ष) + २ लिहितात. बरेच जण पद्धत बरोबर लावतात पण कंस विसरतात: (क्ष + २)² − ३क्ष + २, आणि उत्तर क्ष² + क्ष + ६. खरं उत्तर क्ष² + क्ष − २.

उपाय अगदी यांत्रिक आहे. क्ष च्या जागी आधी रिकामे कंस लिहा: (  )² − ३(  ). मग दोन्ही कंसांत क्ष + २ भरा. पहिल्या तत्त्वावरून डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढताना दर उदाहरणात फ(क्ष + ह) लागतं, त्यामुळे ही सवय सप्टेंबरपर्यंत हाताला लागलेली बरी.

लॉगमध्ये दोन गोष्टी सांभाळा. लॉग (अ + ब) याचं काहीच होत नाही, नियम आहे तो लॉग (अब) साठी. आणि उत्तर आल्यावर आतली संख्या धन आहे ना ते पाहा. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १, पाया १०. म्हणजे क्ष(क्ष − ३) = १०, यातून क्ष² − ३क्ष − १० = ०, क्ष = ५ किंवा −२. −२ चा लॉग वास्तव संख्यांत नाही, म्हणून उत्तर फक्त ५.

डिटरमिनंट, मॅट्रिक्स

इथे चुका ठरलेल्याच. कोफॅक्टरची (डिटरमिनंट उलगडताना प्रत्येक संख्येला ज्याने गुणायचं त्याची) चिन्हं + − + अशी आलटून पालटून येतात, ती सोडवण्याआधी पेन्सिलीने कोपऱ्यात मांडून घ्या. ३ × ३ मॅट्रिक्सला २ ने गुणलं तर डिटरमिनंट ८ पट होतो, दुप्पट नाही, कारण तिन्ही ओळींतून एकेक २ बाहेर येतो. अ आणि ब ही मॅट्रिक्स असतील तर अब आणि बअ हे गुणाकार सहसा वेगळे असतात, म्हणून (अ + ब)² चा विस्तार करताना २अब लिहिण्याआधी हात आवरा.

परम्युटेशन की कॉम्बिनेशन

सूत्रं पाठ करून न सुटणारं हे एकमेव प्रकरण म्हणायला हरकत नाही. प्रश्न एकच विचारायचा: जागा बदलल्या तर नवी रचना होते का? होत असेल तर परम्युटेशन, नसेल तर कॉम्बिनेशन. शिमग्याच्या पालखीला खांदा द्यायला १० जण तयार आहेत, हवेत ४. नुसते चार निवडायचे तर २१० प्रकार. पण पुढे उजवा, पुढे डावा, मागे उजवा, मागे डावा अशा जागा ठरवायच्या तर १० × ९ × ८ × ७ = ५०४० प्रकार. दुसऱ्याला २४ ने भागलं की पहिलं मिळतं, कारण निवडलेले चौघे आपापसांत २४ प्रकारे उभे राहू शकतात. हे एकदा नावं लिहून, तीनच जणांसाठी का होईना, हाताने मोजून पाहा.

शाब्दिक उदाहरणं

खाडीतून एक होडी प्रवाहाविरुद्ध १६ किमी जाते आणि तेवढंच अंतर प्रवाहाबरोबर परत येते. एकूण वेळ ६ तास, प्रवाहाचा वेग ताशी २ किमी. संथ पाण्यात होडीचा वेग किती? (खाडीतला प्रवाह सहा तास एकाच दिशेला एकसारखा राहत नाही हे दाभोळ-जयगडकडच्या मुलांना सांगायला नको. गणितात २ म्हटलं की २.)

पहिली चूक: ३२ भागिले ६, म्हणजे ५.३३. जातानाचा वेळ येतानापेक्षा जास्त लागतो, म्हणून असा सरळ भागाकार चालत नाही. वेग व धरा. १६ / (व − २) + १६ / (व + २) = ६. छेद काढल्यावर ३२व = ६(व² − ४), म्हणजे ३व² − १६व − १२ = ०. अवयव (व − ६)(३व + २). दुसरी चूक इथे: व = −२/३ कारण न देता खोडतात. ‘वेग ऋण नसतो आणि व > २ असल्याशिवाय होडी प्रवाहाविरुद्ध जाणारच नाही’ हे एक वाक्य लिहा. तिसरी: पडताळा नाही. १६ / ४ = ४ तास, १६ / ८ = २ तास, बेरीज ६. दहा सेकंदांचं काम.

चूक सापडत नसेल तेव्हा

उत्तर जुळत नाही आणि चूक दिसत नाही, अशा वेळी मूळ राशीत क्ष च्या जागी एक संख्या ठेवून किंमत काढा आणि तीच संख्या प्रत्येक ओळीत ठेवत खाली या. जिथे किंमत बदलली, त्याच ओळीत चूक आहे. यासाठी ०, १ आणि २ शक्यतो वापरू नका. १ चा वर्ग १ च असतो, २ + २ आणि २ × २ सारखेच, त्यामुळे चुकीची पायरीही बरोबर ठरते. ३, ५ किंवा ७ घ्या. समीकरण असेल तर पुस्तकामागचं उत्तर प्रत्येक ओळीत ठेवून पाहा. ज्या ओळीत दोन्ही बाजू जुळायच्या थांबल्या, तिथे गडबड. हे जमायचं तर एका ओळीत एकच क्रिया लिहावी लागते. वही वाचवायला तीन क्रिया एका ओळीत कोंबल्या की चूक शोधणं अशक्य होतं.

वहीच्या उजवीकडे तीन बोटांची पट्टी मोकळी सोडा आणि तिथे फक्त अटी लिहा: क्ष ≠ ३, क्ष > ०, वर्ग केला, तपासणे.

वेळापत्रक आणि इतर

कोकणात अकरावीची सुरुवात भर पावसात होते. एसटी उशिरा, पहिला तास बुडतो, आणि गणिताचा एक तास बुडला की पुढचे दोन समजत नाहीत. त्याच दिवशी वही उतरवून घ्या, रविवारची वाट पाहू नका. रेंज आणि वीज यांच्या भरवशावर ऑनलाइन तास लावला असेल तर बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीवरून आधीच उतरवून ठेवा. गणपतीत घरात चाकरमानी, आरत्या, भजनं. तेव्हा नवं प्रकरण हाती घेण्याचा आव आणू नका. सुट्टीआधी चालू असलेल्या प्रकरणातली पुस्तकात सोडवून दिलेली उदाहरणं, उत्तर झाकून, रोज चार सोडवली तरी पुरे.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी दर प्रकरणाच्या सुरुवातीला वीसेक शब्दांची यादी करावी. त्यापलीकडे भाषेचा बाऊ करण्यासारखं गणितात फारसं काही नाही.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर अभ्यासाच्या टेबलावर नको. बारावी बोर्डाच्या गणिताला कॅल्क्युलेटर चालत नाही, सीईटीला (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) ही नाही. पॉलिटेक्निकला गेलेल्यांना तो मिळतो, पण वरच्यातली एकही चूक कॅल्क्युलेटर पकडत नाही. आणि ‘अकरावीचं कोण विचारतंय’ म्हणणाऱ्यांसाठी: सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे, आणि त्यातले साधारण १० अकरावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण चार पर्यायांमध्ये −३ सारखा बाद व्हायला हवा असलेला पाहुणा बहुधा छापलेला असतो.