दिवाळीत मित्रांसाठी भरिताची पंगत

नोकरीमुळे दिवाळीला गावी जाऊ न शकलेल्या मित्रांना जळगाव-धुळ्याकडे जेवायला बोलवायचे असेल, तर भाऊबीजेनंतरचा दिवस निवडावा. फराळाने गोड झालेल्या तोंडाला तेव्हा तिखटच हवे असते. बेत अर्थातच भरिताचा. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची फिकट हिरवी, मोठी वांगी माणशी पाव किलोहून थोडी अधिक घ्यावीत, त्यांना टोचे मारून तेल लावावे आणि अंगण असल्यास कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजावीत, कारण गॅसवर तो धुरकट वास येत नाही. साल काढून गर लाकडी बडगीत हिरवी मिरची व लसणासह ठेचावा. मिक्सरमध्ये त्याचा चिकट लगदा होतो, तो मोह टाळावा. तेलात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप व कांद्याची पात परतून गर त्यात मिसळावा आणि वरून कोथिंबीर घालावी. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचे पीठ आदल्या दिवशीच दळून आणावे. भाकरी थापायला दोघा मित्रांना बसवावे. आकार बिघडला तरी पोट भरते. बाहेरगावच्यांसाठी दही जवळ ठेवावे.