जुना कन्सोल टीव्हीला जोडताय? १०८०चा आकडा बघून फसू नका

सेकंडहँड पीएस३ किंवा एक्सबॉक्स ३६० घरी आला, की बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळींचा, सगळ्यात मोठा आकडा निवडतात. ७२०पी आणि १०८०आय एवढेच पर्याय असले, तर हात आपसूक १०८०आयकडे जातो. पहिली चूक तिथेच होते.

आय म्हणजे इंटरलेस्ड. यात चित्र अर्धं-अर्धं येतं: एकदा विषम क्रमांकाच्या ५४० ओळी, मग सम क्रमांकाच्या ५४०. पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, दर वेळी पूर्ण चित्र. जुन्या ट्यूबच्या टीव्हीचं कामच आलटूनपालटून ओळी रंगवण्याचं होतं. एलसीडीला मात्र दोन्ही अर्धुकं आधी जुळवून घ्यावी लागतात. मधल्या १/६० सेकंदात बॉल पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. जुळवाजुळवीला वेळ लागतो तो वेगळाच. बातम्या बघताना हे खपून जातं, पण गेममध्ये यॉर्कर आला की बटण वेळेवर दाबूनही दांडी उडते! बरं, त्या काळचे बरेच गेम मुळात ७२०पीचे किंवा त्याहून कमीचे, आणि ‘एचडी रेडी’ टीव्हीचं पॅनेल बहुधा १३६६ x ७६८चं. मग १०८०आय घेऊन मिळवलं काय? टीव्ही १०८०पी घेत नसेल, तर सरळ ७२०पी लावा.

पीएस३वर आणखी एक गोम आहे. तिथे चालणाऱ्या सगळ्या रिझोल्यूशनवर टिक करायची असते. १०८०आय ठेवून ७२०पीची टिक काढलीत, तर फक्त ७२०पी देणारे गेम थेट ५७६पी किंवा ४८०पीवर घसरतात.

पीएस२ किंवा निन्टेन्डोचा वी (Wii) पिवळ्या वायरने जोडून ‘चित्र फुटतं’ म्हणण्यात अर्थ नाही. त्या वायरीतून प्रोग्रेसिव्ह ४८०पी जातच नाही. त्यासाठी लाल-हिरवी-निळी कंपोनंट केबल लागते. पीएस२च्या काही गेममध्ये सुरू होताना त्रिकोण आणि एक्स एकत्र दाबून ठेवले, की प्रोग्रेसिव्हचा पर्याय येतो. पिवळी वायर एचडीएमआयला जोडून देणाऱ्या स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबीवर ‘१०८०पी’ छापलेलं असतं खरं, पण आत शिरतं ते इंटरलेस्डच. डबी ते नुसतं ताणून मोठं करते.

टीव्हीचा गेम मोड (चित्रावरचे संस्कार कमी करून उशीर घटवणारं सेटिंग) बंद ठेवणं ही आळसातली चूक. तो चालू करा आणि मोशन स्मूदिंग (मधली चित्रं स्वतः घालून हालचाल गुळगुळीत करणं) बंद करा.

आणि भलतंच रिझोल्यूशन निवडून स्क्रीन काळी पडली, तर दुकानात धावू नका. पीएस३ बंद करून पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा. एक्सबॉक्स ३६०मध्ये डिस्क काढा, आणि कन्सोल सुरू होताना कंट्रोलरवरचं वाय आणि उजवा ट्रिगर दाबून ठेवा. डिस्प्लेचं सेटिंग मूळ पदावर येतं.