पोलिसांविरुद्ध तक्रार कशी करावी

पोलीस ठाण्यात मारहाण झाली, कारण न सांगता रात्रभर बसवून ठेवले, पैसे मागितले किंवा फिर्याद घ्यायलाच नकार दिला, तर दाद कुणाकडे मागायची? महाराष्ट्रात त्यासाठी बरीच दारे आहेत. पण कुठलेही दार ठोठावण्याआधी पुरावा सांभाळा. अशा प्रकरणात बहुतेक पुरावा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच ताब्यात असतो, आणि तो फार दिवस टिकत नाही.

अंगावर मार असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. जखम कशाने झाली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. भीतीपोटी "पडलो" म्हणालात तर तेच कागदावर येते आणि पुढे तुमच्याच विरोधात वापरले जाते. जखमांचे फोटो काढा. माणूस अजून कोठडीत असेल, तर अटकेपासून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते (प्रवासाचा वेळ वगळून). तिथे त्याने स्वतः तोंडाने सांगावे की मारले आहे. वकील नसला तरी सांगता येते.

दुसरी घाई सीसीटीव्हीची. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२०च्या निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण १८ महिने, यंत्रणेची तेवढी क्षमता नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितले आहे. तरीही त्यावर विसंबून बसू नका. तारीख आणि वेळ देऊन "हे चित्रण जतन करावे" असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस उपायुक्तांना, लगेच द्या.

मग तक्रार लिहायला बसा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. "मला अमानुष वागणूक दिली" या वाक्यावरून कुणालाच चौकशी करता येत नाही. "रात्री साडेनऊच्या सुमारास ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या खोलीत नेले, उजव्या पोटरीवर पट्ट्याने तीन वेळा मारले, तेव्हा माझा भाऊ दाराबाहेर उभा होता" यावरून करता येते. घटना घडली त्या क्रमाने लिहा. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगळे ठेवा. अधिकाऱ्याचे नाव माहीत नसेल तर अडू नका: खांद्यावरच्या खुणा, गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहा, त्या वेळी कामावर कोण होते हे ठाण्याच्या नोंदींवरून निघते. शेवटी नेमके काय हवे ते लिहा: गुन्हा नोंदवणे, खात्यांतर्गत चौकशी की दोन्ही. आणि एक वाक्य न विसरता घाला: "ही चौकशी संबंधित ठाण्याकडे सोपवू नये." कारण तक्रार वरून खाली "पुढील कार्यवाहीसाठी" सरकत सरकत त्याच ठाण्यात येऊन पडते, हा अनेकांचा अनुभव आहे. मंत्र्यांपासून सगळ्यांना प्रती पाठवल्या की हे टळत नाही, उलट सगळ्या प्रती तिथेच जमा होतात. दोन योग्य ठिकाणी द्या आणि पाठपुरावा करा.

योग्य ठिकाण तक्रारीच्या स्वरूपावर ठरते.

उद्धट वागणूक, टाळाटाळ, तपासातली दिरंगाई यासाठी आधी वरिष्ठ: ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी आणि अधीक्षक, शहरात सहाय्यक आयुक्त आणि उपायुक्त. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) फिर्याद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(४) वापरा. माहिती लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांना पाठवायची, तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. "हद्द आमची नाही" हे कारण चालत नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते.

कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, बेकायदा अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे अशा गंभीर बाबींसाठी पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्यात २०१४च्या कायदादुरुस्तीने ते आले. त्याला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पीडिताच्या कुटुंबीयांनाही तिथे तक्रार करता येते.

मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. राज्य आयोगासमोर प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग ते हाती घेत नाही, म्हणून दोन्हीकडे अर्ज करून काही साधत नाही.

लाच मागितली असेल तर पैसे देण्याआधीच १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. सापळा त्यानंतरच लावता येतो. नाइलाजाने पैसे द्यावे लागले असतील तर ७ दिवसांत कळवा. तेवढ्या मुदतीत कळवणाऱ्यावर लाच दिल्याचा गुन्हा लागत नाही.

आता राहिला कठीण भाग: ज्यांनी लक्ष ठेवायचे तेच गप्प बसले तर? महिनाभर वाट पाहून माहिती अधिकारात अर्ज करा. "कारवाई का केली नाही" असे विचारू नका; त्याचे उत्तर टाळणे सोपे असते. माझी तक्रार कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेली, त्यावर कोणते शेरे आहेत, त्यांच्या प्रती द्या, असे मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यानंतर प्रथम अपील. त्या कागदांवर कोणी फाईल अडवली ते दिसते, आणि मग त्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याच्या वरिष्ठांकडे नावानिशी लिहिता येते. तरीही हालचाल नसेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पोचपावत्या, वैद्यकीय कागद आणि ही माहिती तेव्हा याचिकेसोबत जोडावी लागते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.