पायाच्या पंजाचं ऑपरेशन झालंय? आधी उशी नीट ठेवा

पंजाच्या ऑपरेशननंतर पहिले तीन दिवस खरी लढाई सुजेशी असते. सूज चढली की टाके ताणतात, जखमेला रक्त कमी पडतं आणि कडा सुटायला लागतात. त्यामुळे पाय छातीपेक्षा वर हवा. खुर्चीत बसून स्टुलावर पाय टाकला, तर तो वर धरला असं होत नाही. आडवं पडा आणि पोटरीखाली दोन घट्ट उशा घ्या. टाच मात्र अधांतरी राहू द्या. गादीला टेकलेली टाच दोन दिवसांत लाल पडते, मग तिचीच वेगळी जखम निस्तरत बसावं लागतं.

पायाच्या नसांना दिलेली भूल बहुधा 12 ते 24 तास टिकते. म्हणून पेशंट संध्याकाळी भेटायला आलेल्यांशी गप्पा मारतो आणि मध्यरात्री कळवळतो. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की लगेच सिस्टरांना सांगून वेदनेची गोळी घ्या. नख दाबून सोडा, साधारण दोन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली तर राउंडची वाट बघू नका.

वॉकरची मूठ, हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यावी. डॉक्टरांनी वजन टाकायला बंदी केली असेल, तर वॉकर वीतभर पुढे, भार हातांवर आणि चांगला पाय आत. पायऱ्यांचा नियम तोंडपाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

मिरजेहून जत-आटपाडीकडं जायचं असेल तर एसटीचा विचार सोडा. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं बसून पाय सीटवर घ्या. घरी पोचण्याआधी कुणाला तरी सतरंज्या उचलायला सांगा. जुन्या घराचा उंच उंबरा असेल तर तिथं वॉकर अडतो, म्हणून सोबत माणूस हवाच. देशी संडासात उकिडवं बसणं जमणार नाही, सर्जिकलच्या दुकानातून कमोड खुर्ची आणा. अंघोळीला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या पायावर चढवा, तोंड चिकटपट्टीनं बंद करा आणि पाय बादलीपासून लांब, पाटावर.

ड्रेसिंगच्या आत काहीही घालायचं नाही. सांगलीची हळद कितीही नामी असो, ती भाजीतच बरी. तेल, बाम, शेक हेही नको. मिश्री आणि तंबाखू तेवढे दिवस तरी बंद ठेवा, निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते. शुगर असेल तर रोज तपासा. टाके सहसा 10 ते 14 दिवसांनी निघतात, मधुमेहात कधी तीन आठवडे लागतात. टाके निघाले म्हणजे हाड जुळलं असं नाही, त्याला सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. वजन टाकायचं ते एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच.

ताप, ड्रेसिंगमधून पू किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी एकाएकी कडक होऊन दुखू लागली, तर मालिश करू नका, ती रक्ताची गुठळी असू शकते. रात्र असली तरी लगेच निघा. त्यातच धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट 108.