कॉम्प्युटरला घरच्या घरी कूलिंग फॅन लावताय? या चुका टाळा

उन्हाळा सुरू झाला की डेस्कटॉप घरघरायला लागतो, गेम मध्येच अडकतो, कधी आपोआप बंद पडतो. मग जुन्या कॅबिनेटमधला किंवा बंद पडलेल्या एसएमपीएसमधला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातला) फॅन काढून लावायचा विचार डोक्यात येतो. विचार एकदम बरोबर आहे, खर्च जवळपास शून्य आणि फरक खरंच पडतो, पण जोडताना काही गोष्टी चुकल्या तर फॅन फिरतो आणि मशीन मात्र तेवढंच तापतं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वायरच्या रंगात. एसएमपीएसमधून येणारा जो चार पिनचा मोठा पांढरा मोलेक्स कनेक्टर असतो, त्यात पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. आणि तीन वायरच्या साध्या फॅनमध्ये बरोबर उलटं, तिथे लाल वायर १२ व्होल्टची, काळी ग्राउंड आणि पिवळी फक्त स्पीड सांगणाऱ्या सेन्सरची! त्यामुळे लालला लाल आणि पिवळीला पिवळी असं जोडलंत तर मोटरला ५ व्होल्टच मिळतात, फॅन रडतखडत फिरतो नाहीतर फिरतच नाही आणि सेन्सरच्या वायरीत १२ व्होल्ट घुसून तो जायची भीती वेगळीच. फॅनची लाल मोलेक्सच्या पिवळीला, काळी काळीला आणि फॅनची पिवळी वायर टोकाला टेप लावून मोकळी सोडायची, बस. मोबाईलच्या चार्जरवर १२ व्होल्टचा फॅन चालवायला गेलात तरी हेच रडगाणं, तिथेही ५ व्होल्टच येतात.

जोडाला सेलोटेप अजिबात नको, गरम झाली की चिकटपणा सुटतो आणि उघडी तार कॅबिनेटच्या पत्र्याला टेकते. इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी टेप घ्या, हीट श्रिंक (गरम केली की आकसून तारेवर घट्ट बसणारी नळी) मिळाली तर उत्तमच, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असल्या वस्तू सहज मिळतात. मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाच्या, एकाच फॅन हेडरवर (फॅनची वायर खोचायच्या पिनांवर) दोन-तीन जुने फॅन लटकवू नका, हेडर साधारण १ अँपिअरपर्यंतच झेपवतो आणि जुने फॅन करंट जास्त ओढतात. आणि घरच्या लाईटवर, म्हणजे २३० व्होल्टवर चालणारा एक्झॉस्ट किंवा कूलरचा फॅन कॅबिनेटमध्ये बसवायचा विचार कृपा करून सोडून द्या, हे जिवावर बेतू शकतं. एसएमपीएसचा फॅन काढायला तो उघडणारच असाल तर लक्षात ठेवा, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, सवय नसेल तर ते काम रिपेअरवाल्याकडूनच करून घ्या.

आता हवेची दिशा. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते, कधी कधी फ्रेमवर बाणही असतो. पुढून खालून थंड हवा आत, मागून वरून गरम हवा बाहेर, हा रस्ता मोकळा पाहिजे. बरेच जण पुढचा-मागचा दोन्ही फॅन आत हवा ढकलणारे लावतात आणि मग गरम हवा आतच घुटमळत बसते. खात्री करायची असेल तर पेटती उदबत्ती जाळीपासून थोडी लांब बाहेर धरा, धूर आत ओढला जातो की लांब फेकला जातो ते लगेच दिसतं. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलं असेल तर मागे वीतभर जागा सोडा, नाहीतर फॅन कितीही चांगला लावा, काही उपयोग नाही.

साईडचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावणं, हे तर घरोघरी दिसतं. चार-आठ दिवस चालतं, पण मग प्रोसेसरच्या हीटसिंकच्या (त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये धुळीचा थर असा बसतो की हवा जायला जागाच राहत नाही. पाण्याच्या कूलरचा झोत किंवा ओलं फडकं तर मुळीच नको, पाणी आणि सर्किट एकत्र आणायचं नाही.

जाळीसाठी पत्रा कापायचा असेल तर आधी मदरबोर्ड बाहेर काढा, लोखंडाचा बारीक कीस बोर्डवर पडला की शॉर्ट झालाच म्हणून समजा. भोकांची मापं आधीच घ्या, १२० मिमी फॅनला स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, ८० मिमीच्या फॅनला ७१.५ मिमी.

फॅन खरखर करतोय? मागचं स्टिकर अलगद उचला, खाली रबरी बूच असेल तर काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. खोबरेल तेल नको, थंडीत थिजतं.

आणि एवढं सगळं करूनही प्रोसेसरचं टेंपरेचर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ८०-९० डिग्रीच्या घरात दिसत असेल तर दोष फॅनचा नाही, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावलेली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते किंवा हीटसिंक एका कोपऱ्यात सुटलेला असेल, तिकडे बघा. नागपूर-अकोल्याकडे खोलीच ४२ डिग्रीवर असेल तर कुठलाही फॅन आतली हवा त्याखाली नेणार नाही, तिथे मशीन दुपारी जरा कमी ताणा आणि जड कामं रात्रीला ठेवा.