नव्या गाडीत पाणी शिरते तेव्हा: गळती शोधणे आणि डीलरकडून दुरुस्ती नीट करून घेणे

नव्या गाडीतील मॅट उचलून खालचे कार्पेट अंगठ्याने दाबावे आणि बोटाभोवती पाणी जमा व्हावे, असे ज्याच्या वाट्याला येते त्याला गाडी थेट डीलरकडे न्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. ते चूकही नाही. मात्र त्याआधी एक-दोन तास घरीच खर्च केले तर पुढचे अनेक हेलपाटे वाचतात. पाणी जिथे साचलेले दिसते तिथे ते बहुतेक वेळा शिरलेले नसते. ते छताच्या आतील अस्तरावरून, खांबांच्या पोकळीतून किंवा वायरिंगच्या जुडग्यावरून वाट काढत सर्वांत खोलगट जागी येऊन थांबते. शिरण्याची नेमकी जागा सापडलेली नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे बहुधा अंदाजाने फासलेले सीलंट असते, आणि अशा अंदाजी दुरुस्तीसाठी तीन-तीनदा डीलरकडे जाण्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

आधी पाणी कसले आहे ते ठरवावे. पाऊस पडलेला नसताना, गाडी धुतलेली नसताना आणि केवळ एसी बराच वेळ चालवल्यावर पुढच्या प्रवाशाच्या पायाशी स्वच्छ, वास नसलेले पाणी येत असेल, तर एसीच्या कूलिंग कॉइलवर जमणारे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली किंवा निसटलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर हा संशय पक्का होतो. ओलावा बोटांना चिकट लागत असेल, त्याला गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर ते पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट असते. अशा वेळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी आणि गाडी फार न चालवता दुरुस्तीला द्यावी. या दोन्ही शक्यता बाजूला पडल्या आणि ओल फक्त पावसानंतर किंवा धुण्यानंतर दिसत असेल, तर पाणी बाहेरून शिरते आहे. गाडी कोणत्या बाजूला कललेल्या जागी उभी होती, पाऊस उभ्या गाडीवर पडला की चालत्या, आणि ओल कोणत्या कोपऱ्यात सर्वांत जास्त होती, हे तारखेसह लिहून ठेवावे. पुढे वर्कशॉपमध्ये या नोंदींइतके उपयोगी काही नसते.

बाहेरचे पाणी शिरण्याच्या वाटा तशा मोजक्याच असतात. सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरून पाणी गाडीबाहेर सोडतात. सनरूफचे रबर पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी नसतेच. थोडे पाणी आत येणार हे गृहीत धरूनच या नळ्या दिलेल्या असतात. नळी तुंबली किंवा टोकावरून निसटली की तेच पाणी आतील अस्तरावर किंवा पायाशी येते. बोनेट आणि समोरची काच यांच्यामध्ये, वायपरखाली असलेल्या जाळीच्या खाली पाला साचला तर पाणी तुंबून एसीच्या हवेच्या वाटेने आत उतरते. समोरची काच चिकटवताना चिकटद्रव्याच्या रेषेत खंड राहिला असेल तर पाणी डॅशबोर्डमागून खाली येते. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून वायरिंग जिथे आत येते तिथले रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्रात बसवलेली रबरी कडी, नीट बसलेले नसेल, तर तीही एक वाट असते. डिक्कीत पाणी आढळले तर टेल लॅम्पचे गॅस्केट (सांध्यात बसवलेली पाणी अडवणारी पट्टी), डिक्कीच्या दाराचे रबर, मागच्या बंपरआड असलेल्या हवा सोडण्याच्या झडपा आणि पत्र्याच्या सांध्यांवरील सीलर यांच्याकडे पाहावे. स्पेअर व्हीलचा खोलगा मात्र सर्वांत आधी पाहावा, कारण तिथे साचलेले पाणी महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

दारांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. गाडीचे दार आतून कोरडे असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात काचेच्या बाहेरच्या रबरापासून पाणी प्रत्येक पावसात दाराच्या पोकळीत उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. हे पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागे प्लॅस्टिकचा किंवा फोमचा एक पडदा ब्यूटिल नावाच्या काळ्या, चिकट रबरी पट्टीने पत्र्याला चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा पॉवर विंडोच्या कामासाठी कोणी हा पडदा सोडवला आणि नंतर ब्यूटिलवर धूळ बसलेली असताना तो नुसता दाबून लावला, तर काही दिवसांतच त्याची खालची कड सुटते आणि पाणी दारातून उंबऱ्याकडे, तिथून कार्पेटखाली जाते. माझ्या गाडीत नेमके हेच घडले होते. गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी डीलरने मागच्या दारांत स्पीकर बसवून दिले होते. मागच्या डाव्या पायाशी पाणी येऊ लागल्यावर पहिल्या वेळी एसीची नळी साफ झाली, दुसऱ्या वेळी समोरच्या काचेच्या कडेने पारदर्शक सिलिकॉन फासले गेले आणि तिसऱ्या वेळी मीच काच उघडी ठेवली असावी असे मला ऐकवण्यात आले. शेवटी डोअर पॅड निघाले तेव्हा पडद्याचा खालचा कोपरा कानासारखा दुमडलेला होता आणि ब्यूटिलच्या पट्टीवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले होते. म्हणून नव्या गाडीत गळती दिसली की पहिला प्रश्न असा विचारावा: गाडी कारखान्यातून आल्यावर तिच्यावर कोणते काम झाले?

गळती शोधण्याची परीक्षा घरी करता येते. त्यासाठी दोन माणसे, पाण्याची साधी नळी, टॉर्च आणि कोरडे टिश्यू किंवा वर्तमानपत्र पुरेसे असते. आधी मॅट काढून शक्य तेवढा भाग कोरडा करावा, संशयित जागांवर कागद पसरावा आणि दाराच्या रबराच्या आतील कडेवर खडूची किंवा टाल्कम पावडर हलकेच भुरभुरावी, म्हणजे पाण्याची धार जिथून जाईल तिथे रेघ उमटते. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे व दारे-काचा बंद कराव्यात. दुसऱ्याने नळीचे पाणी जोर न लावता, नैसर्गिकपणे वाहू द्यावे. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, मग समोरच्या काचेचे खालचे कोपरे, मग वरची कड आणि अगदी शेवटी छत. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी सगळीकडे पोहोचते आणि काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक जागेवर किमान पाच ते दहा मिनिटे पाणी सोडावे; घाई केली की परीक्षा वाया जाते, कारण पोकळीत साचून मग ओसंडणारे पाणी उशिरा दिसते. प्रेशर वॉशर वापरू नये: त्याच्या झोताने चांगले रबरही पाणी आत सोडते आणि डीलरला ‘दाबाने धुतल्यामुळे झाले’ असे म्हणण्याची सोय होते.

सनरूफच्या नळ्यांसाठी वेगळी आणि सोपी युक्ती आहे. सनरूफ उघडून पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतावे आणि ते गाडीखाली त्या-त्या बाजूने बाहेर पडते का ते पाहावे. पाणी पन्हळीत तुंबून राहिले तर नळी तुंबलेली आहे. ते झटकन नाहीसे झाले पण बाहेर आलेच नाही, तर नळी आतल्या आत निसटली आहे. तुंबलेल्या नळीत हवेचा जोरदार झोत मारण्याचा मोह टाळावा, कारण त्यानेच नळी सांध्यातून सुटू शकते.

परीक्षेत गळती दिसली की ती सुरू असतानाच एकही कट न करता व्हिडिओ घ्यावा: बाहेर नळी कुठे धरली आहे, आत पाणी कुठून उतरते आहे आणि ओडोमीटरवरील आकडा, हे तिन्ही त्यात यावे. स्वतः सीलंट लावून पाहण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. वॉरंटीतील गाडीवर केलेला असा प्रयोग पुढे तुमच्याच विरोधात सांगितला जातो. शिवाय सिलिकॉनचा थर एकदा पत्र्यावर बसला की काच चिकटवण्याचे युरेथेन किंवा रंग त्यावर नीट धरत नाही. बाजारात मिळणारी, व्हिनेगरसारखा वास येणारी सिलिकॉन तर सुकताना आम्ल सोडतात आणि उघड्या पत्र्याला गंज लावतात. डीलरच्या मेकॅनिकने तेच काचेच्या कडेला फासले तर तेही चालवून घेऊ नये. काचेचा सांधा खरोखर गळत असेल तर योग्य दुरुस्ती म्हणजे काच काढून, कड साफ करून, प्राइमर लावून नव्या युरेथेनने ती पुन्हा बसवणे, आणि ते पुरेसे घट्ट होईपर्यंत गाडी न हलवणे.

डीलरकडे जाताना तक्रार शब्दशः तयार ठेवावी. ‘गाडीत पाणी येते’ असे जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहिले गेले तर त्याचे उत्तर ‘तपासले, दोष आढळला नाही’ असे येऊ शकते. त्याऐवजी ‘मागच्या डाव्या दारावर दहा मिनिटे नळीचे पाणी सोडल्यास मागच्या डाव्या पायाशी कार्पेट ओले होते, कारण शोधून लेखी कळवावे, कार्पेट व त्याखालील फोम काढून सुकवावा, सीटखालील कनेक्टर तपासावेत’ असे लिहून घ्यावे आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. सर्व्हिस अॅडव्हायझरला त्रास द्यायचा म्हणून हे करायचे नाही. त्याच्याकडून मेकॅनिकपर्यंत जाताना तक्रार निम्मी गळून पडते, आणि मेकॅनिकच्या हातात येतो तो फक्त जॉब कार्डवरचा मजकूर. शक्य असेल तर ज्याच्या हातून काम होणार आहे त्याला व्हिडिओ स्वतः दाखवावा. गाडी दोन-तीन दिवस ठेवून घ्यायला सांगितले तर नकार देऊ नये. संध्याकाळी परत मिळालेली गाडी बहुधा पुरेशी तपासलेली नसते. कारण सापडत नसल्याचे सांगितले तर केबिनमध्ये ब्लोअरने हवेचा दाब निर्माण करून बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावण्याची, किंवा धुराची परीक्षा करण्याची मागणी करावी. बुडबुडे किंवा धूर जिथून निघतो तिथूनच पाणीही शिरण्याची शक्यता असते.

गळती बंद करणे हे निम्मे काम आहे, आणि खराब दुरुस्ती बहुधा उरलेल्या अर्ध्यात होते. कार्पेटखालचा जाड फोम कित्येक लिटर पाणी धरून ठेवू शकतो. वरचा भाग हाताला कोरडा लागत असतानाही खालचा फोम पिळता येण्याइतका ओला असतो. ओलसर राहिलेल्या वस्तूंवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते, म्हणून गाडी उन्हात उघडी ठेवणे किंवा सुगंधी फवारा मारणे याला सुकवणे म्हणता येत नाही. सीट काढून कार्पेट उचलले गेले पाहिजे, आणि फोमला वास धरला असेल तर तो बदलून मिळाला पाहिजे. मला तो दुसऱ्या लेखी मागणीनंतर मिळाला. अनेक गाड्यांत सीटखाली आणि कार्पेटखाली वायरिंगचे जोड व नियंत्रण यंत्रे असतात. त्यांच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर गंज सुरू झाला आहे आणि आज चालणारी गोष्ट काही महिन्यांनी अधूनमधून बंद पडू लागेल. सीटखालील पिवळे कनेक्टर सहसा एअर बॅगच्या यंत्रणेचे असतात. त्यांना स्वतः हात लावू नये, पण त्यांची तपासणी झाल्याची नोंद मागावी.

गाडी परत घेताना घरी केलेली परीक्षा तिथेच, त्याच जागेवर, तितकाच वेळ पुन्हा करून दाखवण्यास सांगावे. ‘धुऊन पाहिली, ठीक आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. काय सापडले, काय बदलले आणि काय चिकटवले हे बिलावर लिहिलेले असावे, जरी रक्कम शून्य असली तरी. ‘सीलंट लावले’ एवढीच नोंद असेल तर कुठे लावले हे विचारावे. परीक्षा होण्यापूर्वी समाधान झाल्याच्या कागदावर सही करू नये. सही केल्याखेरीज गाडी मिळतच नसेल तर सहीच्या वर ‘पाण्याची परीक्षा झालेली नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहावे.

तीच गळती दुसऱ्यांदा परतली तर सर्व्हिस मॅनेजरकडे आणि त्याच दिवशी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करावी, जॉब कार्डांच्या प्रती तारखेनुसार जोडाव्यात आणि कंपनीच्या तांत्रिक अभियंत्याने गाडी पाहावी अशी स्पष्ट मागणी करावी. डीलर आणि कंपनी या वेगळ्या संस्था असतात. डीलरने लपवलेली गोष्ट कंपनीला ठाऊक असेलच असे नाही. पाल्याने तुंबलेल्या नळ्या वॉरंटीत न धरता देखभालीचा भाग मानल्या जाऊ शकतात, म्हणून वॉरंटीची पुस्तिका वाचून मगच पत्र लिहावे. यानंतरही काही हलले नाही, तर डीलरशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून किंवा काच व बॉडीचे काम करणाऱ्या जाणकाराकडून कारणाचा लेखी, छायाचित्रांसह अहवाल घ्यावा. तपासणीपुरतेच काम त्याला द्यावे, गाडीचे भाग खोलणे शक्यतो टाळावे, आणि तो अहवाल जोडून आपल्या देशातील ग्राहक तक्रार निवारणाच्या यंत्रणेकडे जावे. कार्पेट मात्र तोवर उचललेलेच ठेवावे, आणि त्याचा ओला फोम फेकून न देता पिशवीत जपून ठेवावा.